मालाचा माग : हत्त्यापासून ब्लॉकचेनपर्यंत

बाजारातून आणलेली वांगी कोणत्या शेतातली, असे एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारले तर आपण काय उत्तर देऊ? पालघर किंवा बोईसरच्या बाजारात बसलेली बाई स्वतःच्या वाडीतला माल घेऊन आली असेल, तर उत्तर सोपे आहे. पण तिने तो आडत्याकडून उचलला असेल, तर "वाशीचा माल आहे" एवढेच ती सांगू शकते. वाशीला तो नाशिककडून आला की गुजरातमधून, त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे तिला ठाऊक नसते. ठाऊक असावे अशी अपेक्षाही कोणी तिच्याकडून करत नाही.

गेली काही वर्षे या प्रश्नावर 'ब्लॉकचेन' हे उत्तर सुचवले जाते. पाकिटावरचा चौकोनी संकेत मोबाइलने टिपायचा, की शेत, फवारणी, तोडणी, वाहतूक सारे समोर येईल, आणि त्या नोंदीत मागाहून कोणाला फेरफार करता येणार नाही, असे सांगतात. या उत्तराकडे आम्ही इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. शेतमालाची वही ठेवण्याची खटपट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती वही दर वेळी कुठे अपुरी पडली हे पाहिले म्हणजे नव्या वहीकडून काय मागावे हे नीट कळते.

रुमालाखालचा भाव

जुन्या बाजारपेठांत 'हत्ता' नावाची पद्धत होती. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांचे हात धरत, आणि बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारीच उभा असे, पण आपल्या मालाला किती बोली लागली हे त्याला दिसत नसे. आडत्या सांगेल तो भाव! वजनाचीही तीच गत होती. सूट, कडता, धर्मादाय अशा नावांनी होणारी कपात तर वेगळीच.

यावर उपाय म्हणून नियंत्रित बाजाराची कल्पना आली, आणि तिची सुरुवात आपल्याच भागात झाली. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये असा बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये अशा बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा, आणि आजच्या बाजार समित्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. खुला लिलाव, तपासलेली वजने आणि हिशेबाची लेखी पट्टी, ही या कायद्यांची देणगी.

या पट्टीकडे थोडे बारकाईने पाहू. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव असते, मालाचे वजन, भाव, आणि हमाली, तोलाई यांची वजावट असते. ही पट्टी बाजारातून शेताकडे परत जाते, म्हणजे ती पैशाचा माग सांगते. माल मात्र उलट दिशेने जातो. लिलाव संपला की चार शेतकऱ्यांची वांगी एका ढिगात पडतात, ढीग तीन किरकोळ विक्रेत्यांत वाटला जातो, आणि शेतकऱ्याचे नाव तिथेच संपते. आपल्या बाजाराने पैशाचा माग ठेवायला शिकून आता बरीच दशके झाली, पण मालाचा माग ठेवण्याची त्याला कधी गरज भासली नाही. भेसळीचा किंवा विषाचा प्रश्न उभा राहतो तेव्हा नेमका हा दुसरा माग हवा असतो.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला माल कुठेही विकण्याची मुभा मिळाली, हे चांगलेच झाले. पण समितीबाहेर झालेल्या व्यवहाराची तेवढी नोंदही मग समितीच्या दप्तरात उरत नाही, याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

भेसळीच्या कायद्याने कागदाला महत्त्व दिले होते. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्यात विक्रेत्याला बचावाची एक वाट होती : माल परवानाधारकाकडून लेखी हमी घेऊन विकत घेतला आणि जसाच्या तसा विकला, हे त्याने सिद्ध केले तर दोष मागच्या माणसाकडे जाई. दुकानदाराला ही वाट उपयोगी होती. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईजवळ मात्र बिल नसते, म्हणून तिच्यापाशी साखळी तुटते.

द्राक्षांची वही

मालाचा माग ठेवण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो द्राक्षांवर, आणि तो झाला परदेशी गिऱ्हाइकामुळे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. युरोपात धोक्याच्या सूचना गेल्या आणि नाशिक, सांगलीकडच्या बागायतदारांची झोप उडाली. त्यानंतर कृषी निर्यात संस्था 'अपेडा'ने उर्वरित अंशांच्या तपासणीचा कार्यक्रम आखला, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू झाली.

तिची रीत अशी. निर्यात करू इच्छिणारा शेतकरी आपला प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवतो आणि त्या प्लॉटला क्रमांक मिळतो. फवारणीची नोंद ठेवावी लागते. तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, शेतकऱ्याने पाठवलेला घड चालत नाही. अहवाल थेट संगणकावर चढतो. नमुना नापास झाला तर त्या प्लॉटची द्राक्षे युरोपला पाठवता येत नाहीत. पास झाली तर आवेष्टनगृह, अ‍ॅगमार्क, रोगमुक्तीचा दाखला, अशा प्रत्येक पायरीवर तोच क्रमांक पुढे जातो. रॉटरडॅमच्या बंदरात पेटी उघडली, तरी ती निफाडच्या कोणत्या प्लॉटची हे सांगता येते. पुढे डाळिंब, आंबा आणि भाजीपाल्यासाठी याच धर्तीवर व्यवस्था उभ्या राहिल्या.

यात ब्लॉकचेन कुठेही नव्हती. एका सरकारी संस्थेने एका ठिकाणी ठेवलेली ही वही होती, आणि ती चालली. त्यामागे दोन कारणे दिसतात : पहिली नोंद करायला तटस्थ माणूस शेतात जात होता, आणि या साऱ्या खर्चाची भरपाई होईल असा भाव निर्यातीत मिळत होता.

पण २०१० मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. सर्व चाचण्या पास झालेली द्राक्षे युरोपात पुन्हा अडकली. या वेळी सापडले क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे कीटकनाशक नसून वाढ रोखणारे द्रव्य आहे. छाटणीनंतर फुटींची वाढ आटोक्यात राहावी आणि घड चांगले धरावेत म्हणून बागायतदार ते वापरत. युरोपने त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठेवली होती, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते द्रव्यच नव्हते. वही बिनचूक होती. नोंदीही खऱ्या होत्या. फक्त तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. बागायतदारांचे मोठे नुकसान झाले, आणि त्यानंतर ते द्रव्य यादीत आले.

आमच्या मते, अन्नाच्या मागोव्याविषयी या एका घटनेतून जितके शिकता येते तितके ब्लॉकचेनवरच्या जाहिरातीतून येत नाही.

ताळ्याची साखळी

आता ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाहू. यासाठी वर्गात करण्याजोगा एक खेळ आहे.

तीन शेतकऱ्यांनी आणलेल्या मालाचे वजन एका वहीत लिहायचे : ४२, १८ आणि ३५ किलो. प्रत्येक ओळीसमोर एक ताळा लिहायचा. नियम असा : आधीच्या ओळीच्या ताळ्याला ३ ने गुणायचे, त्यात या ओळीतले वजन मिळवायचे, आणि बेरजेला ९७ ने भागून उरेल ती बाकी हा या ओळीचा ताळा. सुरुवातीला १० हा आकडा धरू. पहिला ताळा येतो ७२. दुसरा ७२ गुणिले ३ अधिक १८, म्हणजे २३४, बाकी ४०. तिसरा ५८. आता कोणी गुपचूप पहिल्या ओळीत ४२ चे ५२ केले, तर ताळे होतात ८२, ७० आणि ५१. एका ओळीत हात घातला की खालच्या सगळ्या ओळी बदलतात. या वहीची एकेक प्रत पाच बाकांवर ठेवा. एका बाकाने सगळे ताळे नव्याने लिहिले तरी बाकीच्या चौघांशी ते जुळणार नाहीत.

हुशार विद्यार्थी हा ताळा फसवतीलही. ४२ चे ४७ आणि १८ चे ३ करून पाहा : दुसरा ताळा पुन्हा ४० च येतो आणि पुढच्या ओळींना काही पत्ताच लागत नाही! खऱ्या ब्लॉकचेनमधला ताळा असा फसत नाही. त्याचे सूत्र असे असते, की मजकुरातले एक अक्षर बदलले तरी उत्तर पार वेगळे येते, आणि तेच उत्तर देणारा दुसरा मजकूर शोधायचा तर जगातले सारे संगणक लावूनही व्यवहारात ते जमत नाही. मुलांना फसवाफसवी करू द्यावी, म्हणजे गणितज्ञांना असे सूत्र का शोधावे लागले ते त्यांना आपोआप उमगते.

ही कल्पना स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी अमेरिकेत १९९१ मध्ये मांडली. संगणकावरचा दस्तऐवज अमुक तारखेला अस्तित्वात होता हे कसे सिद्ध करावे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा ताळा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेल्या वृत्तपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर ताळा कोण बदलणार! २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात ही साखळी होती, आणि वहीच्या प्रती एकमेकांना न ओळखणाऱ्या असंख्य संगणकांवर ठेवण्याची युक्तीही होती.

अन्नापर्यंत ती पोहोचली २०१६ च्या सुमारास. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीच्या अन्नसुरक्षा विभागाने आपल्या माणसांना चिरलेल्या आंब्याचे एक पाकीट देऊन त्याचा मूळ मळा शोधायला सांगितले. कागदपत्रे चाळून उत्तर मिळायला जवळजवळ सात दिवस लागले. त्याच साखळीची ब्लॉकचेनवर नोंद ठेवल्यावर ते २.२ सेकंदांत मिळाले. विषबाधेची साथ आली असता सात दिवसांऐवजी दोन सेकंदांत मळा कळणे म्हणजे माणसे वाचणे, यात शंका नाही. आपल्याकडे कॉफी बोर्डाने २०१९ मध्ये कॉफीसाठी असा प्रयोग सुरू केला, आणि मसाला बोर्डाने २०२१ मध्ये मसाल्यांच्या मागोव्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी करार केला. महाराष्ट्रात राज्य वखार महामंडळाने गोदामातील मालावर तारण कर्ज देण्यासाठी ब्लॉकचेनचा वापर केला. हा शेवटचा उपयोग आम्हाला सर्वांत सयुक्तिक वाटतो. तिथली लबाडी म्हणजे एकच पावती दोन बँकांत गहाण टाकणे किंवा पावतीत खाडाखोड करणे, म्हणजे लबाडी वहीतलीच आहे.

उलट बाजूही नोंदवायला हवी. मर्स्क आणि आयबीएम या बड्या कंपन्यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीसाठी काढलेली 'ट्रेडलेन्स' ही ब्लॉकचेन २०२३ मध्ये बंद झाली. वही उत्तम असून चालत नाही, तिच्यात लिहायला सर्वांनी तयार व्हावे लागते.

पालघरचा चिकू, सातपाटीची मासळी

आता ही वही घेऊन पालघर जिल्ह्यात येऊ. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये या मानांकनाखाली चिकू ब्रिटनला गेला, आणि त्याची बांधणी झाली गुजरातमधल्या तापी येथील आवेष्टनगृहात. घोलवड, तापी, लंडन, असा हा प्रवास. अशा मालाला माग ठेवणारी वही शोभते, आणि परवडतेही. मात्र मानांकन फळ कुठले हे सांगते. फळात काय आहे हे सांगणे त्याचे काम नाही. दुसऱ्या गावचा चिकू घोलवडच्या पेटीत भरला जाऊ नये, एवढ्यासाठी ब्लॉकचेन उपयोगी पडेल, पण पेटी भरणाऱ्याचा हात प्रामाणिक असला तरच.

बोईसर-तारापूरचा प्रश्न याहून अवघड आहे. नाव तारापूरचे आणि रेल्वे स्टेशन बोईसरचे, अशी ही औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायने, औषधे, रंग आणि कापड यांच्या कारखान्यांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते, आणि मुरबे-खारेकुरणच्या खाडीच्या तक्रारी जुन्या आहेत. थोड्याच अंतरावर पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले सातपाटी आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये कारखान्यांवर भरपाई बसवली, आणि प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. अर्ज करणारे मच्छीमार होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण समुद्र बिघडला आहे असे म्हणताना आपल्याच मासळीबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात शंका उभी राहते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

याच परिसरात एक जुनी आणि फार चांगली वही आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. त्याआधीच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेने तिथे काम सुरू केले होते. केंद्राभोवतालच्या गावांतून पाणी, दूध, भाजी, धान्य, मासळी यांचे नमुने घ्यायचे आणि त्यांतली किरणोत्सारी द्रव्ये मोजायची, हे तिचे काम. अणुभट्टी सुरू होण्याआधी मोजण्याचे कारण शास्त्रीय होते. वातावरणात केलेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ही द्रव्ये १९६० च्या दशकात जगभर थोडीथोडी पसरलीच होती, आणि पोटॅशियम-४० तर प्रत्येक माशात निसर्गतःच असते. आधीचा आकडा नसेल तर नंतर सापडलेले द्रव्य कोणाचे, हे कसे ठरवणार?

म्हणजे पाहा : एकाच समुद्रातला एकच मासा. त्यातल्या सीझियमचा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला आणि त्याची वही अर्ध्या शतकाहून जुनी आहे. कारखान्यांतल्या रसायनांचा प्रश्न मात्र तक्रारी झाल्यावर, सांडपाण्याच्या नमुन्यांतून आणि न्यायाधिकरणापुढच्या अहवालांतून पुढे आला. हा फरक वहीच्या प्रकारामुळे पडला नाही. किरणोत्साराची लोकांना भीती होती आणि सरकारला जबाबदारी टाळता येत नव्हती, म्हणून पहिली वही निघाली.

उद्या बोईसरच्या मासळी बाजारात ब्लॉकचेन आली असे समजू. होडीचे नाव, जाळे टाकल्याची जागा, बर्फात ठेवल्याची वेळ, सारे नोंदले जाईल, आणि ते कोणाला बदलता येणार नाही. एक मोठा फायदाही होईल : मच्छीमार किंवा शेतकऱ्याला मिळालेली पट्टी आणि बाजारात पुकारलेला भाव यांत फरक राहणार नाही, म्हणजे हत्त्याचा उरलासुरला अंश जाईल. पण माशात पारा किंवा कॅडमियम किती, हे कोणी मोजलेच नाही तर त्या वहीत तो रकानाच नसेल. आणि कोणी चुकीचे मोजले, तर ते चुकीचे आकडे ती वही तितक्याच निष्ठेने जपून ठेवील. आपल्या खेळात काटा ४२ दाखवत असताना विद्यार्थ्याने ५२ लिहिले, तर सगळे ताळे बरोबरच येतात!

मग ती पहिली ओळ लिहायची कोणी? अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की हा कायदा शेतकरी, मच्छीमार आणि त्यांची शेतावरची किंवा मासेमारीची कामे यांना लागू नाही. व्याख्येतही कच्चे अन्न हे 'प्राथमिक अन्न' ठरते ते शेतकरी वा मच्छीमार सोडून दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. लहान शेतकऱ्याच्या मागे निरीक्षकांचा ससेमिरा लागू नये, हा हेतू रास्तच आहे आणि आम्हाला तो बदलावा असे वाटत नाही. पण त्यामुळे अन्नाच्या साखळीतली पहिली कडी अन्नाच्या कायद्याबाहेर राहते. द्राक्षांच्या बाबतीत ती जागा निर्यातीच्या अटीने आणि बागेत येणाऱ्या प्रयोगशाळेच्या माणसाने भरली. वांग्याच्या आणि बोंबलाच्या बाबतीत ती भरायची, तर बाजाराजवळ प्रयोगशाळा, नमुने घेणारी माणसे आणि त्यांचे पगार लागतील, आणि हा खर्च विक्रेत्या बाईच्या पाटीवर टाकता येणार नाही. कायद्याने अन्न-विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस दिले आहेत. तेवढ्या दिवसांत भाजी खाऊन संपते. म्हणून अशी तपासणी एका जुडीसाठी नसते, ती एका जागेसाठी असते : अमुक खाडीतली मासळी, अमुक गावची भाजी, दर महिन्याला, वर्षानुवर्षे. अणुवीज केंद्राची प्रयोगशाळा हेच करत आली आहे.

पालघर, बोईसर, डहाणू भागातल्या शाळांना एक प्रकल्प सुचवतो. नववी-दहावीच्या मुलांनी आठवडे बाजारातला एकच जिन्नस निवडावा. वांगी, दुधी, चिकू, बोंबील, काहीही चालेल. विक्रेत्यापासून मागे मागे जात प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारावेत : इथे काही लिहिले जाते का, आणि ते कोण लिहिते? विक्रेत्याचे नाव वहीत लिहू नये, आणि धंद्याच्या वेळी त्याचा खोळंबा करू नये. माग ज्या ठिकाणी तुटेल ते ठिकाण नकाशावर दाखवावे. असे नकाशे आमच्याकडे जरूर पाठवावेत.